मोडलेली ठेव

तुमच्या चार पानी पत्रातली तीन पाने धाकट्या भावाच्या आळसाने भरली आहेत. त्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडले, रात्रपाळीची नोकरी धरली, वडिलांना दुखावले. आणि ‘घर एकच, पगार एकच, मग मी पदवीधर झाले आणि तो का नाही?’ असे तुम्ही विचारता. याचे उत्तर तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेला आहात: ‘दुसऱ्या वर्षी मी नापास झाले, तेव्हा बाबांनी ठेव मोडून माझे वर्ष सावरले.’

ती ओळ पुन्हा वाचा. भावाची पाळी आली तेव्हा ती ठेव कुठे होती?

पगारावर महिना निभावतो. पडलेल्या मुलाला उचलायला साठवलेली पुंजी लागते. समाजशास्त्रज्ञ फाबियान फेफर यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मिळकतीपेक्षा संपत्तीवर लक्ष दिले होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्या मुलांपैकी, संपत्तीने सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातली सुमारे ६० टक्के मुले पदवीधर झाली, तर सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यातली जेमतेम १२ टक्के. एवढे अंतर केवळ बुद्धीचे किंवा कष्टांचे आहे, असे मी मानणार नाही. पुंजी फी तर भरतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती एकदा चुकण्याची मुभा देते. ज्याच्या पाठीशी ती नसते, तो फीची तारीख जवळ आली की कामाचे तास वाढवतो, मग त्याचे वर्ग बुडतात, आणि तुम्हाला जे नापास होणे पचले, तेच त्याचे शिक्षण संपवते. याला आळस म्हणू नका. पत्रातला तो शब्द वाचणे मला जड गेले.

त्याला समजावायलाही जाऊ नका. तुम्ही तीन वर्षे नोकरी करत आहात. याच आठवड्यात त्याच्या कॉलेजच्या कार्यालयात पुन्हा प्रवेशाची मुदत विचारा, फी भरा, आणि रात्रपाळी सुटल्याने बुडणारा पगार वर्षभर स्वतः त्याच्या हाती द्या. उसने म्हणून नव्हे. वडिलांची समजूत नंतर घालता येईल.

ठेव कशासाठी मोडली, हे भावाला कुणी सांगितले आहे का, ते पत्रात कुठेच नाही. पैसे देण्याआधी ते तुम्ही सांगा.