ताठरलेली बोटे

प्रश्न : माझे वय ४४ आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत सोळा वर्षे मी वाळूचे साचे करतो. गेले दोन हिवाळे पहाटे खानापूरहून निघताना बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात. आता बोटांची कातडी ताठ आणि चकचकीत झाली असून मूठ वळत नाही. मधुमेह नाही. शेजारी कुष्ठरोगाची शंका घेतात. काय करावे?

उत्तर : कुष्ठरोगात चट्टे बधिर होतात आणि नसा दुबळ्या झाल्याने बोटे वाकतात, कातडी अशी आवळून बसत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचे बोलणे मनावर घेऊ नये. थंडीत बोटांचे रंग बदलणे हे लक्षण फ्रेंच वैद्य रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिले होते. त्याच्या जोडीला कातडी ताठरत असेल, तर स्क्लेरोडर्माची तपासणी करायलाच हवी. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेत कोलॅजन हे प्रथिन गरजेपेक्षा अधिक साठते.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक दिसतो; म्हणूनच आपल्या कामाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटला. साच्याच्या वाळूतील सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास या आजाराचा धोका वाढतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत हा संबंध १९५७ मध्येच नोंदला गेला होता. डॉक्टरांना आपण काय काम करता हे न विचारताही सांगावे. घाईच्या ओपीडीत तो प्रश्न बहुधा राहूनच जातो.

दिसतात ती बोटे, परंतु खरी काळजी फुप्फुसांची आणि मूत्रपिंडांची असते. संधिवाततज्ज्ञांकडून एएनए ही रक्ताची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन, श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी आणि हृदयाचा इको करून घ्यावा. जिना चढताना धाप लागणे, कोरडा खोकला, घास अडकणे किंवा छातीत जळजळ यांपैकी काही असल्यास तेही सांगावे. रक्तवाहिन्या सैलावणारी निफेडिपिनसारखी औषधे बोटांना आराम देतात. फुप्फुसांना सूज असल्यास प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात.

प्रवासात हातमोजे, कानटोपी आणि स्वेटर वापरावा, कारण केवळ हात झाकून भागत नाही. अंगही उबदार राहावे लागते. तंबाखू, मग ती विडीतली असो वा चुन्याबरोबर मळलेली, पूर्ण सोडावी. तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीच्या शेजारी राहून हे सांगणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण या आजारात मोठी मात्रा मूत्रपिंडांना अचानक निकामी करू शकते. रक्तदाब नियमित मोजावा आणि तो एकाएकी वाढला, डोके ठणकू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.