एलईडी पेटतो, पण लुकलुकत नाही

प्रश्न : सर, मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ५५५ आयसीवर (ठरावीक वेळानं चालू-बंद होणारी टायमर चिप) एलईडी ब्लिंक करायचं सर्किट ब्रेडबोर्डवर लावलंय. बॅटरी ९ व्होल्टची, पिन ८ आणि ७ मध्ये १ के (किलोओहम) चा रेझिस्टन्स, ७ आणि ६ मध्ये १०० के, २ आणि ६ जंपरने जोडलेत, ४ पॉझिटिव्हला, आणि ३ वरून ४७० ओहम लावून एलईडी. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा सांगितला होता, दादाच्या डब्यात एक चपटा चॉकलेटी मिळाला त्यावर १०४ लिहिलंय, तोच लावला. एलईडी नुसता पेटूनच राहतो. तीन आयसी बदलले तरी तेच. मीटरवर पिन ३ ला पावणेचार व्होल्ट येतात. आयसी डुप्लिकेट असतील का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : नाही गं, तिन्ही आयसी चांगले दिसतायत, टाकून देऊ नकोस. तू मीटरचं रीडिंग लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण दुखणं त्यातच सापडलं. ९ व्होल्टवर पिन ३ एकतर साडेसातच्या आसपास असते नाहीतर जवळजवळ शून्य, मधलं काही नसतं. मग पावणेचार आले कुठून? तर पिन इतक्या वेगानं वर-खाली होतेय की मीटर बिचारा सरासरी दाखवतोय, आणि आपला डोळाही तेच करतो, म्हणून एलईडी सतत पेटलेला वाटतो. म्हणजे तुझा एलईडी ब्लिंक होतोय, फक्त सेकंदाला ७० च्या वर वेळा! खात्री करायची तर रात्री खोलीतला लाइट घालव आणि बोर्ड हातात घेऊन झर्रकन डावीकडून उजवीकडे फिरव, सलग रेघ न दिसता तुटक तुटक ठिपके दिसतील. हे एकदा करून बघच, फार छान दिसतं.

आता कारण. १०४ म्हणजे १० नाही, १० च्या पुढे चार शून्यं, आणि तेही पिकोफॅरडमध्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. पाहिजे त्याच्या शंभरावा हिस्सा. ५५५ च्या पोटात ५ के चे तीन रेझिस्टन्स एकापुढे एक असतात, ते सप्लायचे तीन सारखे भाग करतात, तुझ्याकडे ३ आणि ६ व्होल्ट. कपॅसिटर ६ पर्यंत भरला की पिन ७ तो रिकामा करायला लागते, ३ वर आला की परत भरायला सुरुवात. नळाची धार तीच आहे पण हंड्याऐवजी वाटी ठेवलीस, मग ती लगेच भरणार आणि लगेच रिकामी होणार. १० मायक्रो लावलास की एक फेरी साधारण १.४ सेकंदाची होईल, मिनिटाला ४३ वेळा लुकलुक. तो गोल डबीसारखा इलेक्ट्रोलिटिक येतो, २५ व्होल्टचा घे, आणि ज्या बाजूला वजा खुणांचा पट्टा असतो तो पाय ग्राउंडला, दुसरा २-६ ला. उलटा लावू नकोस.

तो १०४ जपून ठेव, पिन ८ आणि १ च्या मध्ये अगदी आयसीला चिकटून लाव, सप्लायचा गोंधळ कमी होतो. आणि १ के च्या जागी कधीही नुसती वायर लावू नकोस, पिन ७ आतून ग्राउंडला जोडली जाते तेव्हा सगळा करंट तिच्यातून जाईल आणि मग मात्र आयसी खरंच जळेल. एवढं करूनही नाही झालं तर ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी बघ, लांब बोर्डावर ती बऱ्याचदा मध्येच तुटलेली असते.

हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी हा आयसी डिझाइन केला आणि आज बार्शीत नववीतली मुलगी त्याच्यावर प्रयोग करतेय, मला याचा मनापासून आनंद वाटतो. प्रदर्शनात दोन्ही कपॅसिटर शेजारी शेजारी ठेव आणि बदलून दाखव, नुसत्या ब्लिंकपेक्षा लोकांना ते जास्त समजेल.

प्रश्न : गणपतीच्या मखरासाठी असंच सर्किट दोन पेन्सिल सेलवर लावलं, पण एलईडी पेटतच नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन सेलचे ३ व्होल्ट होतात आणि साध्या एनई५५५ ला कमीत कमी साडेचार लागतात. चार सेल लावा म्हणजे ६ होतील, काम झालं. दोनच सेल वापरायचे असतील तर सीमॉस जातीचा ७५५५ घ्या, पिना सगळ्या त्याच, पण तो बाहेर करंट कमी देतो, म्हणून एलईडी आणि त्याचा रेझिस्टन्स पॉझिटिव्ह आणि पिन ३ च्या मध्ये लावा, ग्राउंडकडे नको. रंग लाल घ्या, पांढऱ्या-निळ्यालाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, ते नीट पेटणार नाहीत.