टूडी गेम थ्रीडीत नेतोयस? आधी ठोकळे पळव

अरे, तुझा दोघांनी खेळायचा लढाईचा गेम थ्रीडीत न्यायचाय म्हणून पहिल्याच आठवड्यात ब्लेंडर (थ्रीडी आकार घडवायचं सॉफ्टवेअर) उघडून हत्ती-घोडे घडवायला बसू नकोस. बहुतेक जण तिथेच अडकतात, मीही अडकलो. एकदा चवथीची अख्खी सुट्टी फोंड्याच्या घरी एकच किल्ला रंगवण्यात घालवली. गेम मात्र दोन लॅपटॉपवर धड चालेना.

खरी मेख वेगळीच आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' (1997) सारख्या, नेटवर्कवर खेळायच्या लढाईच्या गेममध्ये प्रत्येक सैनिकाची जागा नेटवर्कवरून जातच नाही. जातात फक्त खेळाडूंचे हुकूम, आणि प्रत्येक कॉम्प्युटर तीच लढाई स्वतः खेळतो. एका आकड्याचा फरक पडला, की तुझ्याकडे जिंकलेली लढाई माझ्याकडे हरलेली! म्हणून:

- नियम तुझ्या टूडी गेमच्या जुन्या चौकटींच्या पटावर, पूर्णांकांतच ठेव. थ्रीडी फक्त दाखवण्यापुरतं.
- सैनिकांऐवजी साधे ठोकळे चालव. दोन मशिनवर अर्धा तास सगळं जुळलं, की मग मॉडेल.
- गेममधला कॅमेरा एकाच कोनात बांधून टाक. फिरता ठेवलास तर शिपाई घरामागे दडतात आणि क्लिक भलत्यावरच पडते.

टेकड्या, उंचीचा फायदा वगैरे आत्ता नकोच. ठोकळे पळायला लागले की लॅपटॉप घेऊन ये. वीज असली तर खेळून बघू.