ठाणे-वाशी लोकलच्या ग्रुपमध्ये नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

ठाणे ते वाशी साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, त्यामुळे गप्पांत प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. सुरुवातीला दोनच सवयी लावून घ्या, बाकीचं हळूहळू नक्की जमेल.

१. समोरच्याचं वाक्य तोडू नका. गाडीच्या खडखडाटात माणसं मध्येच थांबतात, शब्द शोधतात. म्हणजे बोलणं संपलं असं नव्हे. मनात एक-दोन म्हणा, मग बोला. चुकून तोडलंत तर "हं, तुम्ही सांगत होतात" म्हणून विषय त्यांच्याकडे परत द्या. नवखे इथेच चुकतात: कोणी ऐरोलीतलं घरभाडं वाढलं म्हणालं की लगेच "आमच्याकडे तर..." सुरू! त्याआधी "मग आता काय करणार?" एवढं तरी विचारा. ऐकून घेतलं गेलं की माणूस आपणहून तुमचंही विचारतो.

२. फोन. स्पीकरवर बोलणं, आवाज सोडून रील बघणं अजिबात नको. घ्यावाच लागला तर "एक मिनिट हं" सांगून घ्या.

पगार, लग्न, मूलबाळ हे विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका. दुखण्यावर न विचारता औषधही सुचवू नका.

आणि कोणी डोळे मिटून बसलं असेल तर त्यांना गप्पांत ओढू नका. उठवायला सांगितलं असेल, तरच तुर्भे गेल्यावर हाक मारा.