भोसरी-चाकणच्या ४०-५० छोट्या वर्कशॉपवाल्यांची नेटवर्किंग मीट ठेवायचीय, कशी करू?

सगळ्यात आधी वार बघा, रविवार नको, गुरुवार ठेवा. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत बहुतेकांची सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी निम्मे लोक मशिनवर उभे असतात, मग येणार कोण?

दुसरं म्हणजे भाषणं. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार यातच दीड तास जातो आणि ज्यासाठी लोक आलेत ते बोलणं राहूनच जातं, म्हणून मी तर म्हणेन स्टेजच नको. प्रत्येकाला एक मिनिट द्या, नाव, काय बनवता आणि आत्ता नेमकं काय हवंय एवढंच, म्हणजे 'मला हीट ट्रीटमेंटवाला हवाय' असं कोणी म्हटलं की समोरून लगेच हात वर होतो बघा! गळ्यातल्या कार्डावरही कंपनीपेक्षा काम मोठ्या अक्षरात लिहा, सीएनसी टर्निंग, पावडर कोटिंग असं.

खुर्च्या कमी, चहा-वडे मधोमध, लोक आपोआप उभ्याउभ्या बोलतात. जे एकटे कोपऱ्यात उभे असतील त्यांना तुम्ही स्वतः जाऊन कोणाशी तरी जोडून द्या, यजमानाचं खरं काम तेच. आणि आलेल्यांची यादी त्याच रात्री व्हॉट्सअपवर टाका, पण नंबर टाकायच्या आधी प्रत्येकाला विचारून घ्या.