चित्रकलेकडून चांदीकामाकडे: ब्रिटनमध्ये सुरुवात करताना

भारतातून ब्रिटनला येऊन चित्रकलेकडून चांदीकामाकडे वळत असाल, तर आधी तांब्या-पितळेच्या पत्र्यावर करवत आणि कानस चालवा. रेखाटनाला सरावलेला हात इथे फार उपयोगी पडतो. मग ९२५ चांदी (९२.५ टक्के शुद्ध) घ्या.

खरी परीक्षा झाळकामाची, म्हणजे झाळ (सहज वितळणारा मिश्रधातू) वितळवून तुकडे जोडण्याची. झाळ फट भरत नाही. सांध्यातून उजेड दिसला तर पुन्हा कानस मारा. दोन्ही कडांना टाकणखार (बोरॅक्स, याने झाळ नीट वाहते) लावा, झाळेचा बारीक तुकडा ठेवा आणि ज्योत सगळ्या दागिन्यावर फिरवा. जिकडे ताप जास्त, तिकडे झाळ धावते. तिची नुसतीच गोळी होऊन बसली, तर धातू मळलेला आहे किंवा टाकणखार जळलाय. थांबा, आम्लात साफ करून नव्याने सुरू करा. ही चांदी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि कठीण झाळ (जास्त तापावर वितळणारी) त्याच्या थोडीच आधी वाहते, म्हणून नजर हलवू नका. आम्लात लोखंडी चिमटा मात्र कधीच बुडवू नका, चांदीवर तांबं चढतं.

विक्रीचं म्हणाल, तर ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू ब्रिटनमध्ये हॉलमार्कशिवाय (शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याशिवाय) ‘चांदीची’ म्हणून विकता येत नाही. लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड किंवा एडिनबराच्या अ‍ॅसे ऑफिसात (धातूची शुद्धता तपासून हॉलमार्क देणाऱ्या कार्यालयात) कारागीर म्हणून स्वतःचं चिन्ह आधीच नोंदवा. हलक्या अंगठ्यांना ही अट लागू नाही, सुरुवात त्यांनीच करा.