वाचकांचे प्रश्न : गाडीखालचा पेट्रोलचा डाग

प्रश्न : माझी २००९ सालची १०० सीसीची मोटरसायकल रात्री घराच्या जिन्याखाली साईड स्टँडवर उभी असते. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पेट्रोलचा वास येतो आणि फरशीवर तळहाताएवढा डाग दिसतो. मेकॅनिकने पेट्रोलची नळी दोनदा बदलून दिली. आता तो पूर्ण कार्ब्युरेटर बदलायला सांगतो आहे. बदलावा का? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : आज रात्रीपासून गाडी जिन्याखाली ठेवू नका, हे आधी सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचते, आणि आपल्याकडे जिन्याखालीच विजेचे मीटर किंवा इन्व्हर्टर बसवलेला असतो. तेथील एक ठिणगी पुरेशी ठरते. दोष सापडेपर्यंत गाडी उघड्यावर, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून उभी करा.

कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदलण्याची घाई मात्र मुळीच करू नका. पेट्रोल नेमके कोठून निघते हे न पाहताच तुमची नळी दोनदा बदलली गेली, असे पत्रावरून दिसते. थेंब जेथून गळून खाली पडतो तेथेच तो उगम पावतो असे नाही. तो धातूवरून ओघळत सर्वांत खालच्या टोकाला येतो. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना, मोकळ्या जागी, कार्ब्युरेटर आणि कॉक कोरड्या फडक्याने पुसून घ्या, सगळ्या जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा, कॉक चालू करा आणि अर्धा तास वाट पाहा. पावडरीवर ओली रेघ जेथे सुरू झालेली दिसेल तेथे दोष आहे. ही रेघ टाकी आणि कॉक यांच्या जोडावर असेल तर तेथील रबरी वॉशर, आणि कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीच्या कडेवर असेल तर तेथील गॅस्केट (जोड बंद ठेवणारी पातळ पट्टी) बदलावे लागते. जोड कोरडे राहून पेट्रोल खालच्या ओव्हरफ्लो नळीतून येत असेल, तर दोष वाटीच्या आत आहे.

तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता अधिक वाटते, कारण गळती रोज होत नाही. वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला पोहोचले की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली नीडल, म्हणजे टोकदार सुई, पेट्रोलची वाट बंद करते. टाकीतील गंजाचा एखादा कण नीडल आणि तिची बैठक यांच्या मध्ये अडकला, तर वाट पूर्ण बंद होत नाही आणि जास्तीचे पेट्रोल ओव्हरफ्लो नळीतून बाहेर पडते. कण हलला की गळती आपोआप थांबते, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत गाडी कोरडी झालेली असते. फ्लोटची पातळी थोडी जास्त असेल तर साईड स्टँडच्या कलामुळेही वाटीतले पेट्रोल एका बाजूला चढून नळीतून वाहते. गाडी एक रात्र साईड स्टँडवर आणि एक रात्र डबल स्टँडवर, उघड्यावर, कॉक चालू ठेवून उभी करून पाहा. फरक पडला तर फ्लोटची पातळी तपासून घ्या.

कॉक बंद असतानाही गळती होत असेल तर कॉकवरही संशय घ्यावा लागेल. त्याची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून टोक बाटलीत ठेवा. बंद कॉकमधूनही थेंब पडत राहिले तर आतले रबर गेलेले आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यामुळे जुन्या गाड्यांतील रबर फुगते किंवा कडक होते, म्हणून नवे भाग घेताना ते इथेनॉल सोसणारे आहेत का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिन ऑइल न चुकता पाहा. पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर वाटीतले पेट्रोल इंजिनात उतरले आहे. अशा पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवल्यास बेअरिंग आणि पिस्टन झिजतात. गळती दुरुस्त करून, ऑइल बदलूनच गाडी सुरू करावी. टाकी धुऊन घेणे, नीडल आणि गॅस्केट बदलणे, एवढ्याने काम भागेल अशी माझी अपेक्षा आहे आणि तो खर्च नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने फारच कमी असतो.

प्रश्न : मे महिन्यात टाकी फुल केली की दुपारी झाकणाच्या कडेने पेट्रोल येते. झाकणाचे भोक बुजवू का? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : भोक बुजवू नका. त्यातून हवा आत येते म्हणूनच पेट्रोल खाली उतरते. ते बंद केल्यास गाडी थोडी चालून बंद पडेल. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर ते सुमारे २०० मिलिलिटरने वाढते, आणि नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या टाकीत एवढे तापणे सहज होते. गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटे जागा ठेवा. तरीही पेट्रोल आले तर झाकणाचे रबर बदला.